डिझास्टर म्हणजे वाईट तारा

गाव सोडलं त्या सोमवारी सकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जीप अंगणातच अडवून धरली. राहुकाळ संपल्याशिवाय लेकीनं उंबरा ओलांडायचा नाही. नऊ वाजेपर्यंत मी बॅगेवर बसून धुसफुसत होते. विमान चुकलं असतं तर खापर राहूच्या डोक्यावर थोडंच फुटणार होतं?

आता टेक्सासात आहे. टँकरमागे हंडे घेऊन धावलेली पारनेर तालुक्यातली मी पाण्याला भिऊन पळाले, असं सांगितलं तर गावाकडचे तुम्ही हसाल. पण परवाच्या रविवारी तेच झालं. सकाळीच मोबाईल किंचाळला: डिझास्टर, घर सोडा. नवरा गाडीत सामान कोंबतोय, मुलगी रडतेय आणि तेवढ्यात अण्णांचा फोन. त्यांनी बातम्या पाहिल्या होत्या.

"ते डिझास्टर डिझास्टर काय म्हनत्यात गं?"

ही काय सांगायची वेळ होती? पण घाबरले की मी जास्त बोलते. म्हटलं, "जुना शब्द आहे, अण्णा. डिस म्हणजे वाईट, अ‍ॅस्टर म्हणजे तारा. ग्रह फिरले की संकट येतं, असं यांचेही पूर्वज मानायचे."

बोलले आणि जीभ चावली. तिकडे रविवारची संध्याकाळ, म्हणजे नेमका राहुकाळ. आता हे निघू नको म्हणणार. आणि त्यांनी नको म्हटलं असतं तर माझा पाय निघाला नसता. एवढी शिकले, पण भीती वाटली की मला अजून त्यांचाच होकार लागतो. बाहेर नवरा हॉर्नवर हॉर्न वाजवत होता.

पण अण्णा म्हणाले, "ताऱ्याचं ऱ्हाऊ दे. पानी कुठवर आलं?"

"पायरीला लागलंय."

"मग हुबी का हाईस? पोरीला उचल आन् निघ!"

निघालो. आमच्या मागे थोड्याच वेळात तो रस्ता बंद झाला. एका शाळेच्या हॉलमध्ये खाटा मांडल्या होत्या, तिथं जागा मिळाली. टेकते न टेकते तोच पुन्हा फोन.

"पोचलात का समदी?"

"पोचलो, अण्णा."

आसपास अनोळखी माणसं, ओले बूट, मांडीवर झोपलेली लेक. आमचं घर उरलंय की वाहून गेलंय, ठाऊक नव्हतं. तरी 'पोचलो' म्हणताना खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. मी पोचले की नाही याची धाकधूक ज्याला आहे, तो माणूस आहे तोवर मी बेघर नाही.