कोऱ्या वहीवरची टोळी

भाचीनं सांगलीहून माझ्यासाठी वही आणली. वर माझ्या लहानपणच्या पुस्तकांमधली गुप्तहेर पोरांची टोळी, आत एक अक्षर नाही. गोष्ट काढून घेतलेलं पुस्तक, आणि पानांना म्हणे सेंटचा वास!

लहानपणी तासगावात बेदाण्याच्या शेडमध्ये बसून, चिकट बोटांनी, मी त्याच टोळीचं एक पुस्तक अख्खं उतरवून काढलं होतं. सोमवारी ते वाचनालयात परत द्यायचं होतं. जुन्या वह्यांची उरलेली पानं आईनं दाभणानं शिवून दिली होती.

"आगं, दुसऱ्यानं लिवल्यालं कशाला लिवतीस?" आईनं तेव्हा विचारलं होतं.

"मंग ते माजं हुतंय."

"आत्या, यात लिहू नकोस हं," भाची म्हणाली. "ही नुसती ठेवायची असते."

मी पेन घेतलं आणि पहिल्याच पानावर लिहिलं: तूरडाळ, मीठ, फिनेल.