चकचकीत नळ्या

माझी धाकटी बहीण प्रयोगशाळेत अळ्या पाळते. कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते. पुढचं सांगायला लागलं की समोरचा घड्याळाकडे बघतो.

तरी सांगतेच. अळीच्या अंगात एक हार्मोन असतं. ते आहे तोवर अळी अळीच राहते, ओसरलं की तिचा कोष होतो. हार्मोन तेलकट, रक्तातून एकटं निघालं तर वाटेतच त्याचा फडशा पडतो. म्हणून एक प्रथिन त्याला कडेवर घेऊन हिंडतं. या प्रथिनाचं जनुक तुकड्यातुकड्यांत असतं, मधे नुसती भरताड, आणि जनुकाच्या अलीकडे कुठेतरी ते चालू करणारं बटण. हार्मोनच ते बटण दाबतं का, हे शोधता शोधता बहिणीचे केस पिकले.

शेवटी तिने अहवाल दिला: या भागात हार्मोनने दाबलं जाणारं बटण नाही. पेशींना हार्मोन दिलं, जनुक ढिम्म. प्रयोगशाळेच्या सरांनी काम बंद करायचं ठरवलं. घरी येऊन ती पलंगावर आडवी झाली. "सुटले गं ताई," म्हणाली. मलाही हायसं वाटलं.

परवा आवराआवर करताना तिने हार्मोनच्या काचेच्या नळ्या उजेडात धरल्या, तर आरपार लख्ख! हे हार्मोन काचेला चिकटतं, म्हणून नळ्यांना आतून लेप देतात. तो जरा धुरकट दिसतो. आमच्या बाईसाहेबांना स्वच्छतेचं वेड. दमलेली असताना कधीतरी तिनेच सगळ्या नळ्या गरम पाण्याने घासून काढल्या होत्या. लेप गेला, हार्मोन काचेलाच चिकटलं आणि पेशींपर्यंत पोचलंच नाही.

"आता गप्प बस," मी म्हटलं. "कोणाला कळणार आहे?"

"कोणालाच नाही. पण माझं वाचून पुढचा कोणी तिथे शोधायलाच जाणार नाही."

"नाही गेला तर नाही! आरशात बघ जरा, काय अवतार झालाय तुझा."

ती चपला घालून निघालीसुद्धा. मला तिचा भयंकर राग आला.

संध्याकाळी आली ती दारातल्या स्टुलावरच बसली, पर्स मांडीवर, डोळे लाल. मी सरांचा उद्धार सुरू केला.

"ओरडले नाहीत गं," ती म्हणाली. "खरं सांगितलंत, बरं केलंत, म्हणाले. पहिल्यापासून करा, हवा तेवढा वेळ घ्या."

"मग रडतेस कशाला?"

"मला वाटलं होतं, आता तरी घरी बसा म्हणतील."