प्रेसवरचा लाल ठिपका

नागापूर एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर दुपारी एक वयस्कर कामगार हमखास दिसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. डावा हात रुमालाखाली आणि मांडीवर पुठ्ठ्यापत्र्याचे तुकडे जोडून केलेलं, पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसचं वीतभर उंचीचं मॉडेल. उरलेल्या चहात गेरू कालवून ते त्याच्यावर गंज चढवत बसायचे. तो गंज इतका खरा दिसे की बोट लावून बघावंसं वाटे.

परवा त्यांनी पत्रा दाबला जातो त्या जागी ब्रशनं लाल ठिपका दिला.

"खंडेनवमीचं कुंकू का?" मी कौतुकानं विचारलं.

"कुंकू वर लावत्यात, मशिनीच्या कपाळाला. ह्ये माझं हाय."

त्यांनी रुमाल बाजूला केला. दोन बोटं नव्हती.

मी ग्लास खाली ठेवला. ते मात्र ब्रश काळ्या रंगात बुडवत होते.

"वाळल्यावर काळं पडतं," ते म्हणाले, "तेवढं करायचं ऱ्हायलंय."