पहिल्या खुर्चीतल्या मावशी

मिस ॲडी नसत्या तर शिकागोत माझं डोकं फिरलं असतं, हे आधी सांगून टाकते. काय झालं ते मागून. मिस ॲडी म्हणजे सत्तरीच्या, उंच, धिप्पाड, काळ्या, हसल्या की आजूबाजूचे लोक मान वळवून बघतील अशा बाई. आयुष्यभर शहराची बस चालवून रिटायर झालेल्या. तोंडाने मी त्यांना सगळ्यांसारखं मिस ॲडी म्हणायचे. मनात मात्र पहिल्या महिन्यापासूनच मावशी. एकदा ते तोंडातून निसटलं. "म्हणजे काय गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आईची बहीण." त्यावर म्हणाल्या, "असं? मग माझ्या बहिणीला विचार, पोरगी इतकी भित्री करून का पाठवलीस?"

त्या बोलायच्या इंग्रजीतच. पण आता आठवताना सगळं मराठीत आठवतं, म्हणून तसंच लिहिते.

आमची गाठ पडली डायलिसिस सेंटरच्या वेटिंग रूममध्ये. दिरांनी शिकागोबाहेरच्या नेपरव्हिलहून कागदपत्रं करून आम्हा दोघांना इकडे बोलावून घेतलं होतं. हे डेव्हनवर, म्हणजे शिकागोतल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, किराणा दुकानात लागले, मी दोन दुकानं सोडून मिठाईवाल्याच्या किचनमध्ये. जरा बस्तान बसतंय तोवर ह्यांच्या किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार हे चार-चार तास आत मशीनला जोडलेले आणि मी बाहेर खुर्चीत, दाराकडे डोळे लावून. नर्स बाहेर आली की मी खुर्चीतून अर्धी उठायचे. मावशींचा धाकटा भाऊ त्याच वेळेला आत असायचा. त्या माझ्या समोर बसून पुस्तक वाचायच्या आणि चक्क हसायच्या. दवाखान्यात! मला आधी रागच आला. भाऊ आत आहे आणि ही बाई हसते काय?

चौथ्या-पाचव्या दिवशी त्या उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या. पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं, एका ओळीवर बोट ठेवलं. "हे वाच आणि मला सांग, हसू नको तर काय करू?"

मी हात मागे घेतले. म्हटलं, "मला नाही येत. माझी शाळा नववीत सुटली."

"मी शाळेचं कुठं विचारलं? ओळ वाच म्हटलं."

आता हे त्यांना कसं सांगायचं? आमच्या घरी भिंतीवर ज्यांचा फोटो होता, त्यांनी आम्हाला पहिला शब्द सांगितला तो 'शिका'. त्या फोटोखाली वाढून मी नववीत शाळा सोडलेली. आई अंथरुणाला खिळली, धाकट्या तिघांचं कुणीतरी करायला हवं होतं. कुणी मला बोललं नाही, पण फोटोसमोरून जाताना मी मान खाली घालायचे. अख्खं पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, मी कधी वाचलंच नव्हतं. मराठीतसुद्धा नाही. आणि ही बाई माझ्या मांडीवर इंग्रजी पुस्तक ठेवून बसली होती.

मी ओळ वाचली. तीन ठिकाणी अडखळले. मावशी म्हणाल्या, "अडलीस तर थांब्यावर थांबल्यासारखं थांब. दार उघड, शब्दाला चढू दे, मग पुढे चल. बस काय थांबली म्हणून मोडत नाही." त्या दिवशी चार ओळी झाल्या. ती एका आजीची गोष्ट होती. चर्चमधल्या पाद्रीबाबाची खीर मुद्दाम खारट करणारी आजी. चौथ्या ओळीला मी हसले. तेवढ्यात नर्स बाहेर येऊन गेली आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही. ह्यांच्या किडन्या गेल्यापासून, चार महिन्यांत पहिल्यांदाच.

मावशी फक्त आपल्या लोकांची, काळ्या लेखकांची पुस्तकं वाचायच्या असं नाही. पण विकत घ्यायच्या ती मात्र त्यांचीच, आणि कोरी. पुस्तक छापून यायच्या आधीच दुकानात फोन करून नाव नोंदवायच्या. आणि एक नाही, दोन प्रती. एक स्वतःला, दुसरी ज्याला गरज दिसेल त्याला. मी एकदा म्हटलं, लायब्ररीत फुकट मिळतात की. तर म्हणाल्या, "लायब्ररीतही जातेच. पण हनी, लिहिणाऱ्यालाही भूक लागते." त्या काळात कुठल्या कुठल्या शाळांतून अशी पुस्तकं कपाटाबाहेर काढतायत अशा बातम्या टीव्हीवर लागायच्या. मावशी टीव्हीकडे न बघताच बोलायच्या, "काढा, काढा. तुम्ही कपाटातून काढा, मी वेटिंग रूमच्या टेबलावर ठेवते." आणि खरंच ठेवायच्या. जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यावर एक नवंकोरं पुस्तक. पुढच्या वारी ते गेलेलं दिसलं की त्यांना कोण आनंद!

तशीच एका पुस्तकाची दुसरी प्रत त्यांनी मला दिली. एका तरुण मुलीचं पहिलं पुस्तक, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईवर. "ही तुझी," म्हणाल्या. माझ्या नावावरचं पहिलं पुस्तक. मी ते छातीशी धरून घरी नेलं आणि मग एक चूक केली.

आमच्याकडे जूनमध्ये बाबा खाकी कागद आणायचे. शाळा सुटल्यावरही धाकट्या भावंडांच्या सगळ्या पुस्तकांना कव्हरं मीच घालायचे. कोपरे दुमडून, एक सुरकुती पडू न देता. शाळेशी माझा संबंध उरला होता तो तेवढाच. तर मी किराणा दुकानाची खाकी पिशवी उसवली, आणि मावशींच्या पुस्तकाला अस्सं टापटीप कव्हर घातलं. वर पांढरी चिठ्ठी चिकटवून माझं नाव लिहिलं. मंगळवारी मोठ्या अभिमानाने त्यांच्या पुढ्यात धरलं.

मावशींनी पुस्तक उलटंसुलटं केलं. "हे काय केलंस?"

"मळू नये म्हणून..."

"हनी, बसच्या कपाळावर नंबर असतो ना? त्यावर खाकी कागद चिकटवला तर थांब्यावर उभ्या माणसाला कळणार कसं, आपली बस आली ते?" मग कव्हरावरून हात फिरवत हळूच म्हणाल्या, "त्या पोरीचं नाव आत आहे. आमची नावं झाकणारे पुष्कळ होऊन गेले. तू नको झाकूस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी कागद ओरबाडायला गेले, तर त्यांनी हात धरला. एकेक घडी अलगद उलगडली, कागद नीट दुमडून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. "घड्या मात्र फर्स्ट क्लास घातल्यास. मला चार जन्मांत जमणार नाहीत." तेव्हा लक्षात आलं, त्या बसमध्ये असोत की दवाखान्यात, पुस्तक नेहमी उभं धरायच्या, लेखकाचं नाव समोरच्याला दिसेल असं. तेव्हापासून मीही तसंच धरते. डेव्हनच्या बसमध्ये लोक आधी पुस्तकाकडे आणि मग माझ्याकडे बघतात. बघू देत.

मावशींचा आणखी एक नेम होता. साउथ साइडला, म्हणजे शहराच्या दक्षिणेकडच्या काळ्या वस्तीत, एका काळ्या बाईंचं छोटं पुस्तकांचं दुकान आहे. तिथे नवे लेखक येऊन आपल्या पुस्तकातलं वाचून दाखवतात. मावशी प्रत्येक वेळी जायच्या आणि पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीत बसायच्या. "लोक मागे बसतात. का, तर मध्येच उठून जाता यावं. पण लिहिणाऱ्याला समोर रिकामी खुर्ची दिसता कामा नये. ती दिसली की त्याला वाटतं, आपण उगाच लिहिलं."

स्वयंपाकघरवाल्या पुस्तकाची मुलगी तिथे येणार होती, एका शनिवारी दुपारी. मावशींनी महिनाभर आधी तयारी केली होती, जांभळी हॅटसुद्धा काढून ठेवली होती. नेमकं त्या दिवशी सकाळपासून बर्फ, आणि आत भावाचं बीपी एकदम खाली गेलं. मावशी दारापाशी उभ्या राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या. "तू जा."

"मी? मी काय करू तिथे?"

"बस. खुर्ची आहे ती."

"आणि ह्यांना आत..."

"तुझ्या नवऱ्याला मी बघते. माझा एक, तुझा एक. बसमध्ये साठ-साठ सांभाळलेत. जा!"

दोन गाड्या बदलून मी गेले. कोटाला तळणीचा वास, पायात बर्फाने भिजलेले बूट. दुकानात खुर्च्या मांडलेल्या दहा-बारा, माणसं मोजून चार, तीही मागच्या रांगेत. ती मुलगी पुढे उभी, हातातला कागद सारखा उलटासुलटा करतेय. माझ्यासारखीच घाबरलेली. मी सरळ जाऊन पहिल्या खुर्चीत बसले. तिने माझ्याकडे बघितलं, श्वास सोडला आणि वाचायला सुरुवात केली.

वाचून झाल्यावर तिने विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? मागच्या रांगेतले कोट चढवायला लागले. मला मावशी आठवल्या. मी हात वर केला आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "ती बाई तीनशे मुलांना जेवायला घालते. ती स्वतः कधी जेवते?"

मी किचनमध्ये काम करते. मला माहीत आहे, तळणाऱ्या बाईच्या पोटात दुपारी चार वाजेपर्यंत काय असतं.

त्या मुलीने पुस्तक चाळलं. मग म्हणाली, "मी तिला एकदाही जेवताना दाखवलं नाही. माझ्या लक्षातच आलं नाही. ती माझी आई आहे." आणि तिथेच डोळे पुसायला लागली. दुकानवाल्या बाईंनी चहा आणला.

परत आले तेव्हा भाऊ सावरला होता, आमचे हे पांघरूण घेऊन बसले होते, आणि मावशींनी त्यांना संत्रं सोलून दिलं होतं. मी सगळं सांगितलं. मावशी आधी हसल्या, मग मला जवळ ओढून बराच वेळ सोडलंच नाही. "नववीत सुटली म्हणे शाळा," एवढंच म्हणाल्या.

जाऊबाईंना हे कळलं तेव्हा फोन आला. "अगं, एकटी गेलीस? त्या भागात? भीती नाही वाटली? आणि तुला काय कळतं त्यातलं?" इतर वेळी मी गप्प बसले असते. म्हटलं, "वाटली ना, वहिनी. पण खुर्ची रिकामी होती." त्यांना काही बोध झाला नाही. गावाकडे माझ्या आजीला बसायला खुर्ची कुणी दिली नव्हती, पाणीसुद्धा वरून ओतायचे. हे जाऊबाईंना माहीत आहे. त्यांच्याही आजीचं तेच होतं. पण नेपरव्हिलच्या घरात ते कुणी काढत नाही.

एप्रिलमध्ये मावशींचा भाऊ गेला. मला वाटलं, आता त्या येणार नाहीत. त्यांचं आत कुणी उरलं नव्हतं. पण पुढच्या मंगळवारी त्या आल्या, काळा ड्रेस घालून, माझ्या शेजारी बसल्या. "स्वयंपाकघरवालीचं शेवटचं प्रकरण राहिलंय ना," म्हणाल्या. "काढ." मी वाचलं, त्यांनी डोळे मिटून ऐकलं. शेवटच्या ओळीनंतर मी पुस्तक बंद केलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं माझ्या जन्मातलं पहिलं पुस्तक. मावशींनी पर्समधून तो खाकी कागद काढला, माझ्या नावाची चिठ्ठी दाखवली आणि पुन्हा आत ठेवला. "हा मी नेते."

नेते म्हणजे मुलीकडे, दूर कॅरी नावाच्या गावी. तिने हट्टच धरला होता. डोळे किती अधू झाले होते हे मावशींनी मला कधी कळू दिलं नव्हतं. तिथून पहिला फोन आला तो तक्रारीचाच: "इथे बसच नाही गं! सगळे आपापल्या गाडीत एकेकटे. माणसं भेटतात तरी कुठे?" आता त्यांना अक्षर दिसत नाही. मुलगी फोनवर पुस्तकं लावून देते, पण ते मशीनचं वाचन त्यांना आवडत नाही. मी म्हटलं, मी फोनवर वाचू का? "फोनवर नको. रस्त्यावरच्यांना कव्हर कुठं दिसणार?"

ह्यांचं नाव किडनीच्या यादीत आहे. तोवर मंगळवार, गुरुवार, शनिवार सुटत नाहीत, मला शहराबाहेर पाऊल टाकता येत नाही. मी वेटिंग रूममध्ये पुस्तक उभं धरून बसते, आणि जमेल त्या शनिवारी ह्यांना नर्सच्या हवाली करून पहिल्या खुर्चीत जाऊन बसते.

त्या मुलीचं दुसरं पुस्तक आलंय, पुन्हा त्याच स्वयंपाकघरातल्या बाईवर. मी छापून यायच्या आधीच फोन करून नाव नोंदवलं होतं, दोन प्रती. एक टेबलावर ठेवली, ती गुरुवारपर्यंत गेलीसुद्धा. दुसरी मी अजून उघडलेली नाही. मावशी, ह्यांची मशीन ज्या दिवशी सुटेल त्यानंतरचा माझा पहिला प्रवास कॅरीचा. तुमच्या पोर्चवर रस्त्याकडे तोंड करून बसेन, कव्हर बाहेरच्या बाजूला धरेन आणि पहिल्या पानापासून वाचेन. बघू दोघी मिळून, या वेळी तरी ती बाई जेवते का.