भावाच्या यादीत नसलेला लॅपटॉप

माझा सख्खा भाऊ मला खोटारडी म्हणाला. आणि पुरावा म्हणून दाखवलं काय, तर मोबाईलमधली चार ओळींची यादी. त्या चार ओळींत मी नव्हते, म्हणून मी खोटी! आजही आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

आमचं कापडे गावातलं घर वर, चढावर. भावाने खाली रस्त्याला लागून नवं बांधलं. आईची डावी बाजू लुळी पडली तेव्हा तिने एकच हट्ट धरला, मला या घरातून हलवू नका. भाऊ महाडला कारखान्यात पाळीवर, वहिनी दिवसभर अंगणवाडीत. मग उरलं कोण? मी. नवऱ्याला आणि मुलीला मुंबईत ठेवून मी माहेरी येऊन बसले. लोक म्हणाले, मुलगी असावी तर अशी. भाऊसुद्धा चारचौघांत हेच म्हणायचा.

नोकरी सोडून चालणार नव्हतं, नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून तिकडचं घर माझ्यावरच होतं. मी एका इंटरनेट कंपनीच्या मदत केंद्रात आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा कानाला हेडफोन लावायचा आणि लोकांना विचारायचं, राउटरवरचा हिरवा दिवा लागलाय का, बंद करून पुन्हा चालू केलात का. साहेबांनी गावाहून काम करायला परवानगी दिली, पण अट घातली. बोलणं चालू असताना माझी लाईन तुटता कामा नये. तीनदा तुटली की मुकाट्याने ऑफिसात यायचं. म्हणजे माझी नोकरी गावातून चालणार की नाही आणि आई स्वतःच्या घरात राहणार की नाही, हे दोन्ही त्या एका लाईनवर ठरणार होतं.

आता लाईन कुठे, तर भावाच्या घरी. केबल रस्त्यापर्यंतच आलेली, वर चढायला कुणी तयार नाही. मग मी मुंबईहून एक डबा आणला. खालच्या घराचं वायफाय हवेतून पकडायचं आणि आमच्या घरात पुन्हा सोडायचं, एवढंच त्याचं काम. पडवीच्या खांबाला तो मी स्वतः ठोकला, भावाने शिडी धरली. "ताई, तू तर इंजिनेर झालीस!" म्हणाला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वर तीनच वस्तू जोडल्या होत्या. माझा लॅपटॉप, आईचा फोन आणि आईच्या खोलीतला छोटा कॅमेरा. मी ओटीवर बोलत असताना ती खाटेवरून उठायला धडपडली तर मला दिसावं म्हणून तो लावलेला. वीज गेल्यामुळे लाईन दोनदा तुटली. मग बॅटरी आणली आणि पुढचे तीन महिने सुरळीत गेले.

एका रविवारी भावाच्या टीव्हीवर मॅच अडकायला लागली. त्याने मोबाईलवर राउटरचं ॲप उघडलं, कोण कोण जोडलंय ते बघायला. त्याचा फोन, वहिनीचा फोन, टीव्ही आणि चौथं एक इंग्रजी अक्षरांचं आणि आकड्यांचं लांबलचक नाव. सगळ्यात जास्त नेट तेच खात होतं. त्याने मला खाली बोलावलं.

"ताई, वर किती जणांना पासवर्ड दिलायस?"

"कुणालाच नाही."

"मग तुझा लॅपटॉप यात का नाय? आईचा फोन नाय, कॅमेरा नाय. हा चौथा कोण हाय?"

त्याच्या मनात काय होतं ते माझ्या लगेच लक्षात आलं. वरच्या वाडीतल्या भावकीशी त्याचं वाटेवरून बिनसलेलं. दोन वर्षं एकमेकांच्या घरचा चहा नाही, कार्याला जाणं नाही. त्यांच्या सुना मात्र दुपारी आईला बघायला यायच्या, कधी पेज आणायच्या. मी त्यांच्याशी हसून बोलायचे. भावाने मनातल्या मनात हिशेब जुळवला, की त्याच्या लाईनवर मी त्याच्या वैऱ्यांना बसवलंय.

मी शांतपणे समजावलं. मला शांत राहायचाच पगार मिळतो. "अरे, तो चौथा म्हणजे आपला डबा. त्याच्यामागे जे काही आहे ते सगळं तुझ्या राउटरला डब्याच्याच नावाने दिसतं. गावकीत आपल्या घराचं एकच नाव पुकारतात ना? घरात माणसं किती ते कोण बघतं? तसं आहे हे."

तो हसला. ते हसणं मी त्याच्या तोंडावर आधी कधी पाहिलं नव्हतं. "दिवसभर लोकांना हेच सांगतेस तू. गिऱ्हाईकाला गुंडाळतेस तशी मला नको गुंडाळू. खोटं बोलतेयस तू."

मी उठले आणि चढ चढून घरी आले. ह्याला मी कडेवर वागवलाय. बाबा गेल्यावर पोलादपूरच्या कचेरीत ह्याच्या नावे हक्कसोड करून दिली, जमिनीवर पाणी सोडलं. कारकून म्हणाला, बाई, वाचून घ्या. मी म्हटलं, भावाचं काय वाचायचं? त्याने साडी नेसवली, पाया पडला, आणि मी घरी येऊन सगळ्यांना ती साडी दाखवत सुटले. आणि हा माणूस माझ्या तीन वस्तू मोजून घेतो, अन् मोजता येत नाहीत म्हणून मला चोर ठरवतो!

मंगळवारी सकाळी अकराला मी एका म्हाताऱ्या गृहस्थांशी बोलत होते. त्यांचं नेट गेलं होतं. "काळजी करू नका काका, मी आहे लाईनवर," असं म्हटलं आणि माझीच लाईन गेली. वीज होती. डब्याचा दिवा जळत होता. मी पदर खोचून तशीच खाली धावले. भाऊ रात्रपाळी करून आलेला, दारात दात घासत उभा.

"त्या चौथ्याला ब्लॉक केला," म्हणाला. "आता बघू, कोण बोंबलत येतो ते."

बोंबलत मीच आले होते. पण ते त्याच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि त्याला तेच हवं होतं, देव जाणे. मी त्याला हाताला धरून वर आणला, ब्लॉक काढायला लावला आणि अंगणात उभा केला. म्हटलं, "आता तुझा फोन आपल्या वरच्या वायफायला जोड." जोडला. "आता यादी उघड, आणि तुझा स्वतःचा फोन शोधून दाखव."

त्याने यादी खाली-वर केली. बंद करून पुन्हा उघडली. वहिनीचा फोन होता, टीव्ही होता, ते लांबलचक नाव होतं. त्याचा फोन नव्हता. हातात धरलेला, चालू असलेला त्याचाच फोन त्याच्याच यादीत नव्हता.

"काय रे?" मी ओरडले. "तू पण खोटा का आता? तू पण वाडीवाल्यांचा?"

मी थांबले. खरंच थांबले, एक शब्द बोलेल म्हणून. चुकलं ताई, एवढं म्हणाला असता तरी मी विरघळले असते, मी तशीच आहे बावळट. तेवढ्यात ओटीवर लॅपटॉप वाजला. साहेबांचा मेल होता. तिसरी वेळ, एक तारखेपासून ऑफिसात हजर व्हावे. मी तो त्याला मोठ्याने वाचून दाखवला.

त्याने मान वर केली आणि म्हणाला, "मग आता आईचं कोण बघणार?"

एवढंच! माझं काय झालं ते नाही, की हे त्याच्यामुळे झालं तेही नाही.

"तू बघणार," मी म्हटलं. "खाली ने तिला." तो मान खाली घालून उतरून गेला.

आत गेले तर आई उशीवर डोकं उचलायला धडपडत होती. आवाज तिने ऐकले होते, शब्द कळले नव्हते. अर्ध्या तोंडाने विचारलंन, "काय झाला गो? त्याने काय केलान?"

सगळं जिभेवर आलं होतं. त्याने तुला तुझं घर सोडायला लावलं आई, असं म्हणणार होते. पण एक तारखेपासून तिला त्याच्याच हातचं जेवायचं होतं, त्याच्याच आधाराने उठायचं होतं. मी तिची उशी सारखी केली.

"त्याने काही नाही केलं," मी म्हटलं. "नुसती लाईन गेली होती."

त्या सगळ्या प्रकारात मी बोललेलं खोटं ते एवढंच.