रामदास काळेचा लाल ठिपका

रामदास काळेला एकच गोष्ट पोटातून हवी होती. शॉटगनवर बसायची बोटभर काच त्यानं तीन वर्षं खपून केली होती. तिच्यातून उडता फेझंट, म्हणजे रानकोंबड्याच्या जातीचं पाखरू, आपण स्वतः पाडायचा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. जर्मनीत आखनजवळच्या त्या लहानशा कंपनीत बाकीचे रायफलीच्या दुर्बिणी करत. यानं काच नळीलगत इतकी खाली बसवली की गाल दस्त्यावरून उचलायला नको. दोन्ही डोळे उघडे, नजर पाखरावर; काचेतला लाल ठिपका आपसूक पुढं सरकतो. ठिपक्याकडंच बघत बसला, तर पाखरू गेलं. शिकारीचा परवानाही गड्यानं दुसऱ्या खेपेला का होईना, काढला.

गडी फासेपारधी. गावात कुठंबी चोरी झाली की पहिली लाथ त्याच्या आज्याच्या पालावर. म्हणून पुण्यात कॉलेजची चार वर्षं त्यानं घरचा विषय काढला नाही. जर्मनीत मात्र त्याला वाटलं, हितं कुणाला काय कळतंय? कंपनीच्या उन्हाळी जेवणात बिअर पोटात गेली नि बोलून बसला, "माझा आजा तितरं धरायचा. बंदूक नाही, कुत्रं नाही. तीन बाजूंनी चाहूल करायची. चौथी बाजू गप्प ठेवायची. पाखरू तिकडंच पळतं, तिथं फास."

"गेनाऊ! अगदी बरोबर! रक्तातच आहे तुमच्या," मालक हेर लेन्झेन म्हणाले; हेर म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'. शेजारी विक्रीखात्यातला पुण्याचा शिरीष बसला होता. तो नुसता हसला.

नोव्हेंबरात शिकार ठरली. मोठी ऑर्डर देणारे चार पाहुणे आले, त्यांच्या बंदुकांवर रामदासची काच चढली. शेतात कमरेएवढी मोहरी. रामदास बंदूक घेऊन, नवा हिरवा कोट घालून आला, तर लेन्झेननी त्याच्यापुढं नारिंगी बंडी नि काठी धरली.

"तुम्ही हाकाऱ्यांत, हेर काळे. आरडाओरडा करून पाखरं आमच्याकडं उठवायची. शेवटचा कोपरा तुमचा."

"माझ्याकडं परवाना आहे. काच मी केलीय."

"हो, हो. पण पाखरं तुमच्याइतकी इथं कुणाला कळतात?"

पलीकडं शिरीष पाहुण्यांना ठिपका समजावत होता, 'आम्ही केला' म्हणून. जाता जाता मराठीत म्हणाला, "अरे, तोंड काय पाडतोस? घरचंच काम आहे की तुझं."

"व्हय, घरचंच हाय," रामदास म्हणाला आणि बंदूक गाडीत टाकून आला.

हाका सुटला. आरडाओरडा, काठ्यांचा खडखडाट. मोहरीत पाखरं पळायला लागली. रामदास आपल्या कोपऱ्यात गप्प उभा राहिला, काठी काखेत मारून. एकेक फेझंट मान खाली घालून त्याच्या बुटांजवळनं निसटला नि मागच्या बिटाच्या शेतात गडप झाला. पाहुण्यांच्या डोक्यावर आभाळ मोकळंच राहिलं. एक बार झाला नाही.

"काच चांगली असेलही," जाताना एक पाहुणा म्हणाला, "पण आज आम्ही काही बघितलं नाही." ऑर्डर दुसरीकडं गेली. जानेवारीत कंपनीनं शॉटगनचं काम बंद केलं आणि रामदासला दुर्बिणींच्या रबरी टोपणांवर बसवलं.

"वाईट झालं," हेर लेन्झेन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "यंदा पाखरंच नव्हती. तुमचा काय दोष?"

रामदास टोपणाचं माप घेत राहिला.