रोवण्यातली नटी

"मंग, गेली का ते मायेरी?" सुशीलाबाईनं विचारलं.

"थांब ना वो बाई. हातातली पेंडी त सरू दे," धनवंता म्हणाली.

"पेंडी सरतच रायते. तू सांग."

"गेली."

"कोनासंग?"

"एकलीच. डायवरले बी नाई मनली. सोताच गाडी चालवत गेली."

"अना सासू?"

"सासू टीवी पाहून रायली होती. मान बी नाई उचलली तिनं."

गुडघाभर चिखलात धानाच्या रोपांच्या पेंड्या घेऊन वाकलेली चौदा बायांची ओळ जागच्या जागी थांबली. बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, धुऱ्यावर शेतमालक डोमनलाल पटले उभा होता. त्याला वाटलं, कोणाच्या पायाला सापबीप लागला. तसं काही नव्हतं. मुंबईची एक नटी नवऱ्याचं घर सोडून निघाली होती, एवढंच.

ही दोन हजार अकराच्या रोवण्याची गोष्ट. इटियाडोहाच्या कालव्यावरच्या आमच्या चार-पाच गावांत धनवंताच्या टोळीला तोड नव्हती. धान रोवताना कंबर मोडते, तास जात नाही, बाया घडीघडी उभ्या राहतात. धनवंताच्या टोळीत कोणी उभं राहत नसे. तिची रीतच तशी होती. ह्या धुऱ्यावर गोष्ट सुरू करायची, ऐन मोक्यावर तोंड मिटायचं आणि म्हणायचं, "बाकी त्या धुऱ्यावर." मग मागं सरकत सरकत अख्खी ओळ त्या धुऱ्याकडे अशी सुटायची की परे, म्हणजे धानाची रोपं, पुरवणाऱ्या माणसाची धांदल उडायची.

गोष्टी ती आणायची अर्जुनीहून. बाजाराच्या दिवशी भाजीची थैली मांडीवर घेऊन वीरेंद्रच्या नेट कॅफेत बसायची. मुंबईतली कोणी बाई इंग्रजीत ब्लॉग लिहायची. त्यात सिनेमावाल्यांच्या घरच्या भानगडी. नाव कोणाचंच नाही. 'एक मोठी नटी, नुकतंच लग्न झालेलं, सासूशी स्वयंपाकघरावरून जमत नाही, ओळखा कोण?' खाली हजारभर माणसं नावं सुचवत बसलेली.

"इतके लोक रिकामे आहेत का गा?" धनवंतानं एकदा विचारलं होतं.

"आप भी तो यहीं बैठी हो, चाची," वीरेंद्र म्हणाला.

"माह्या मांगं चौदा बाया आहेत. मी रिकामी नाई."

वीरेंद्र इंग्रजी वाचून हिंदीत सांगायचा. धनवंता ते ऐकून झाडीबोलीत आणायची, आणि अर्जुनी ते गाव ह्या सायकलच्या वाटेवर नटीच्या घराला अंगण फुटायचं, अंगणात चूल यायची. ब्लॉगात नुसतं 'जमत नाही' असायचं. बांधीत पोचेपर्यंत सुनेनं भाजीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, जास्त घातलेला असायचा आणि सासूनं पाहुण्यांदेखत ताट सरकवलेलं असायचं. नाव नसल्यामुळे बरंच होतं. ज्या बाईच्या मनात जी नटी, तिला तीच दिसायची.

पण त्या आठवड्यात घोटाळा झाला. धनवंता अर्जुनीला पोचली तर लाईनच नव्हती. वीरेंद्र शटर अर्धं ओढून बाहेर पुठ्ठ्यानं वारा घेत बसला होता. संध्याकाळपर्यंत लाईन आली नाही. दुसऱ्या दिवशी बाया वाट पाहणार. रिकाम्या हातानं बांधीत कशी उतरणार? म्हणून तिनं आपल्याच मनानं नटीला माहेरी धाडलं.

आणि टोळी फुटली.

सुशीलाबाई म्हणाली, "एवढ्या तेवढ्यावरून कोनी घर सोडते का?" त्यावर भूमेश्वरी म्हणाली, "कायले राहाव तिनं? कोनी इचारत नाई, पुसत नाई." भूमेश्वरीचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं होतं. ती सुशीलाबाईचीच सून. दोघी बोलत होत्या नटीवर, पण ऐकणाऱ्या बायांना काय ते कळत होतं. जुन्या बाया सुशीलाबाईकडे झाल्या, पोरी-सोरी भूमेश्वरीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमनलालच्या मोठ्या बांधीत सात जणी पूर्वेच्या धुऱ्याला लागल्या, सात जणी पश्चिमेच्या. धनवंता कोणाचीच नाही, म्हणून उत्तरेच्या कोपऱ्यात एकटीच रोवत राहिली. गोष्ट नाही, हसणं नाही. दुपारची शिदोरी दोन झाडांखाली सुटली. जेवण करून डोमनलाल येऊन पाहतो तर बांधीच्या मधोमध चार हात रुंद, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, नुसतं पाणी चमकतंय.

"धनवंता, हे का होय?"

"बांधी होय."

"ते दिसते मले. मधात हा पट्टा कोनाचा?"

"तिकडल्याईचा," सुशीलाबाई इकडून म्हणाली.

"आमचा नोहे," भूमेश्वरी तिकडून म्हणाली.

डोमनलालनं डोक्यावरचा दुपट्टा सोडून पुन्हा बांधला. "हे पाहा, उद्यापासून कालव्याचा पानी खालच्या गावाले जाते. परे उपटून पडले आहेत. आज हे बांधी पुरी नाई झाली, त बाकीच्या बांध्याईले मी बकारामची टोळी बलावतो. तुमी बसा घरी नटी पाहत."

त्यानं ती खरंच बोलावली असती. आणि एकदा बकारामची टोळी ह्या शिवारात उतरली की धनवंताच्या टोळीला पुढच्या वर्षी कोण विचारतं? बारा वर्षं तिनं ती टोळी बांधली होती. धनवंतानं हातातली पेंडी पाण्यात टाकली आणि त्या रिकाम्या पट्ट्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"आयका वो. ते नटी मायेरी नाई गेली."

दोन्हीकडचे हात थांबले.

"अर्जुनीले लाईन नोहती. वीरेंद्रनं काईच नाई वाचला. मीच धाडली तिले."

चौदाही जणी सरळ उभ्या राहिल्या.

"मंग गाडी?" भूमेश्वरीनं विचारलं.

"गाडी बी मीच देली."

"अना सासू टीवी पायत होती, ते?"

"ते बी माह्याच मनचा."

"मी कवा टीवी पायतो वो?" सुशीलाबाई एकदम म्हणाली.

तिचं नाव कोणीच घेतलं नव्हतं. आधी पश्चिमेकडे एकीला हसू फुटलं, मग पूर्वेकडे, मग भूमेश्वरीनं चिखलाच्या हातानंच तोंड दाबलं आणि तिला मिशा आल्या. ते पाहून सुशीलाबाई स्वतःच मटकन धुऱ्यावर बसली आणि पोट धरून हसली.

"लबाड आहेस तू धनवंता," हसू ओसरल्यावर ती म्हणाली. "तूच धाडलीस, आता तूच आन तिले वापस."

"अशी कशी येईल?" भूमेश्वरी म्हणाली. "काई बोलनी त झाली पायजे."

"कर ना बोलनी. मी आहो सासूकडून."

"जोरानं बोला. आयकू नाई येत."

"त जवळ ये. तुले कोनी बांधून ठेवला का?"

दोन्ही ओळी वाकल्या आणि रोवत रोवत एकमेकींकडे सरकू लागल्या.

"भाजीत सांबार किती टाकाचा, ते सून पाहीन."

"पाहो बापा. पर चूल येळेवर पेटली पायजे."

"पेटीन. पाहुन्याईपुढे बोलाचा नाई सासूनं."

सुशीलाबाईनं चार रोपं रोवली, मग म्हणाली, "नाई बोलत."

"अना पोरगा झाला त—"

"मधात जागा का सोडून रायली? पट्ट्यात परे टाक. ते पोरगं नंतर," सुशीलाबाई म्हणाली.

पट्टा तीन हातांचा झाला, दोनाचा झाला. शेवटी मागं सरकत आलेल्या सासू-सुनेच्या पाठी टेकतील इतका अरुंद उरला. शेवटची चार रोपं कोणी रोवली, हे दोघींनाही आठवत नाही.

डोमनलाल धुऱ्यावरच उभा होता. "मंग, आली का वापस?" त्यानं विचारलं.

"येऊन रायली," धनवंता म्हणाली. "पर बाकी त्या बांधीत." तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, कडेची पऱ्यांची पाटी डोक्यावर घेतली आणि धुरा ओलांडून पुढच्या बांधीच्या पाण्यात पाय टाकला. मागून चौदा जणी उतरल्या.